ताई, त्यांना स्वतःलाच पाठवा

पंचवटीत निमाणीजवळ माझं मेडिकल आहे. दिंडोरी-निफाडकडची काही माणसं गावातलं मेडिकल सोडून मुद्दाम माझ्याकडे येतात. मानसोपचाराची चिठ्ठी गावात दाखवायची सोय नसते. त्यातलेच एक द्राक्षबागायतदार. पैसे दिले की काउंटरवरच एकेक कॅप्सूल फोडून काढायची, कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायची, पाकिटं माझ्या कचऱ्यात. माझा जीव तुटतो. बॅच नंबर गेला, एक्स्पायरी गेली, कॅप्सूल दमट होणार ती वेगळीच. पण सांगून ऐकतो कोण!

द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकली तेव्हा त्यांची व्हेन्लाफॅक्सिन, म्हणजे नैराश्य-चिंतेवरची गोळी, ७५ मिलिग्रॅमची १५० झाली.

डिसेंबरात त्यांची बायको आली. चिठ्ठी फिजिशियनची, काखेत एक्स-रेचं पाकीट. "थंडीनं बागेत शेकोट्या पेटवतोय आम्ही, आणि ह्यांचं बनियन रात्री पिळून घ्यावं लागतं. थुंकी तपासली, फोटो काढला. टीबी नाही म्हणतात. मग आहे तरी काय?"

फिजिशियनचं काही चुकलं नाही. रात्रीचा घाम म्हटल्यावर टीबी आधी बघायलाच हवा, मग थायरॉइड, साखर. पण "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" याला उत्तर "कॅल्शियम" असंच मिळालं असणार.

व्हेन्लाफॅक्सिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्य-चिंतेवरच्या औषधांवर साधारण दहातल्या एकाला जास्त घाम फुटतो. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे, त्यावर या औषधांचा परिणाम होतो. डोस वाढला की घाम वाढू शकतो. डॉक्टर डोस कमी करतात, नाहीतर औषध बदलतात. मनानं बंद केलं, तर गरगरणं, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं, आणि वर पुन्हा घाम.

दोन्ही चिठ्ठ्या फक्त मी पाहिल्या होत्या. आणि बायकोला सांगायची मला मुभा नव्हती.

"ताई, त्यांना स्वतःलाच पाठवा. चालू असतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन."

"ते येतात का तुमच्याकडे?"

मी बिल फाडायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते तणतणतच आले. "काय सांगितलं तिला?" शांत झाल्यावर त्यांच्यासमोरच त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून दिला. डोस खाली आला. घाम कमी झाल्याचं बायकोकडूनच कळलं. ती डोकेदुखीची गोळी न्यायला येते, विचारत काही नाही. ते मात्र परत आले नाहीत. आता कुठून घेतात देव जाणे. त्या दुकानदाराला फिजिशियनच्या चिठ्ठीचा पत्ताही नसणार.