होडीचा दादरा

मेव्हण्याने आणि मी मिळून एक जुनी फायबरची होडी घेतली. १४ फूट लांब, ५ फूट रुंद. ठेवायची कुठे? आमच्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरींचं राज्य, तेव्हा नर्मदाकाठच्या चांदोदला. बडोद्यातल्या मराठी माणसाला चांदोद माहीत असतं ते अस्थी आणि श्राद्धापुरतं. त्यामुळे "रविवारी चांदोदला जातोय" म्हटलं की समोरचा आधी चेहरा पाडतो, मग हळूच विचारतो, "कोण?"

होडीला कव्हर हवं म्हणून रावपुऱ्यात गेलो, तर ताडपत्रीवाला हसला. "होडी तो पलळवानी ज ने!" भिजणारच ना ती! त्याला काय सांगणार? होडीला भीती असते ती आत साचणाऱ्या पाण्याची. मी त्याची स्वस्त निळी ताडपत्री आणली, चारी बाजूंनी बांधली आणि निर्धास्त झालो.

जूनच्या पहिल्या पावसानंतर नावाड्याचा फोन आला, होडी कलली आहे. जाऊन बघतो तर ताडपत्रीच्या मधोमध तळं. हिशेब साधा आहे: ५ चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर १२५ लिटर, म्हणजे १२५ किलो. दोन धडधाकट पाहुणे न विचारता येऊन बसावेत तसं. आणि कव्हर काढल्यावर जो वास आला! बसायच्या गादीवर काळी बुरशी, पिशवीत विसरलेल्या टॉवेलसारखा कोंदट दर्प. पाऊस आत गेलाच नव्हता. नदीची वाफ खालून वर चढत होती आणि प्लास्टिकखाली अडकून पुन्हा गादीवर गळत होती.

हे सगळं मी दांडिया बाजारातल्या घरी आईला सांगितलं. ती लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधत होती. "मग प्लास्टिक कशाला गुंडाळलंस? दादरा का बांधतात? धूळ आत जाऊ नये आणि वारा मात्र जावा म्हणून." सुतळीला गाठ मारून तिने विषय संपवला.

कापडाचा शोध मग तिथून सुरू झाला. पीव्हीसीचा लेप दिलेलं कापड पाणी पक्कं अडवतं, पण त्यातून हवा जात नाही. सुती कॅनव्हास श्वास घेतो, पण ओला राहिला की कुजतो. होडीसाठी म्हणून जे ॲक्रिलिक कापड मिळतं, त्यात रंग धागा होण्याआधीच मिसळलेला असतो, म्हणून ते उन्हात लवकर विटत नाही. पाणी ओघळून जातं आणि वाफही निघते. महाग आहे. घेतलं. गडद रंग फार तापतो म्हणून फिकट क्रीम. शिवायला गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडे दिलं आणि सुती दोरा वापरू नकोस म्हणून चारदा बजावलं, कारण कापड टिकतं आणि उन्हाने शिवण आधी उसवते.

माप घेणं ही वेगळीच गंमत. आपण टेप धरावा आणि होडीने सरकावं. शेवटी दोन जुन्या चादरी जोडून तिच्यावर पसरल्या, कडेने खडूने रेघ मारली आणि तोच बेत शिंप्यापुढे ठेवला. मधे बांबूचं आढं घातलं, छपरासारखी दोन पाखी पाडली, दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवली.

खरा पेच बांधण्याचा. ट्रेलरवरच्या होडीला पोटाखालून पट्टा आवळता येतो. पाण्यातल्या होडीच्या पोटाखाली कोण जाणार? नावाडी तयार होता, मला ते बरं वाटेना. म्हणून कव्हरच्या कडेला वजनं लोंबवायची ठरली. मी हुशारीने बाटल्यांत पाणी भरून टांगल्या. बाटल्या नदीला टेकल्या आणि वजनच संपलं. पाण्यात पाण्याचं वजन ते किती! कापड फडफडत राहिलं. नावाडी काही बोलला नाही. त्याने बाटल्या रिकाम्या केल्या आणि काठावरची वाळू भरली. मग त्या लाटेबरोबर होडीवर टकटक आपटू लागल्या, तेव्हा माझे जुने मोजे त्यांना चढवले. मल्हारराव घाटावर श्राद्धाला आलेल्या एका आजोबांनी नावाड्याला विचारलं म्हणे, हा कसला नवस?

धरणातून पाणी सोडणार म्हटलं की नावाडी होडी वर ओढून घेतो. बाकी पावसाळा ती दादरा बांधून पाण्यातच.

दिवाळीआधी आईला घेऊन गेलो. घाटाच्या पायऱ्या ती जपून उतरली, कव्हरचं एक टोक उचललं आणि बरणीत डोकवावं तसं नाक आत घातलं. "वास नाही," म्हणाली. मग आढ्यावर बगळ्यांनी केलेली नक्षी बघून म्हणाली, "पण रंग मळखाऊ घ्यायचास."