अळ्या निजल्यात

"मॅडम, ह्या अळ्या हालंनात बघा. निजल्यात जणू."

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला. साखर कारखान्याच्या ट्रायकोकार्ड लॅबमध्ये मला अकरा वर्षं झाली, मावशी माझ्याही आधीच्या. मायक्रोस्कोपला त्यांनी कधी डोळा लावला नाही, पण ट्रेचं काही बिनसलं की मला कळायच्या आधी त्यांना कळतं.

आमचा माल म्हणजे ट्रायकोग्रामा चिलोनिस, जेमतेम अर्धा मिलिमीटरची गांधीलमाशीची जात. ती उसाच्या खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आतली अळी जन्मायच्या आधीच संपते. पण ही वाढवायला अंडी लागतात लाखांनी, आणि खोडकिडीची तेवढी आणायची कुठून? म्हणून भरडलेल्या ज्वारीवर कॉर्सेरा पाळायचा, म्हणजे धान्यातला तो करडा पतंग. त्याची अंडी अतिनील दिव्याखाली निर्जीव करून डिंकाने कार्डावर चिकटवायची. त्यांत माशी आपली अंडी घालते, की झालं ट्रायकोकार्ड. ते उसात लावलं की त्यातून माश्या बाहेर पडतात. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी. सांगायचं तर दिवसातला बराचसा वेळ माशीच्या नव्हे, पतंगाच्याच सेवेत जातो.

आणि आता त्या पतंगाच्या अळ्या निजल्या होत्या.

अळ्यांनी ज्वारीत विणलेली जाळी सोडवली. एरवी चिमटा लागताच वळवळत पळणारी अळी लोळागोळा होऊन पडलेली. काळी पडलेली नाही, वासही नाही, म्हणजे रोग नव्हे. एकीच्या अंगावर बाहेरूनच चिकटलेली पाच-सहा पांढुरकी अंडी दिसली आणि पोटात गोळाच आला. झाकणाच्या कापडाला शेजारी शेजारी पांढरे कोष. खिडकीच्या काचेवर दहा-बारा माश्या उजेडाकडे धावत होत्या. एवढ्या दिवसांत त्या माझ्या नजरेला कशा पडल्या नाहीत, कोण जाणे.

एक नळीत धरून भिंगाखाली घेतली. दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे ट्रायकोग्रामापुढे हत्तीच. तोंड समोरून पाहिलं तर जबड्यांच्या वर गोल पोकळी. ब्रॅकॉन, म्हणजे अळ्यांवर जगणारी दुसरी एक गांधीलमाशी. पतंगाच्या ट्रेमध्ये शिरणारी ब्रॅकॉन म्हटली की पहिला संशय तिच्या हेबेटर या जातीवर. थॉमस से या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये नाव दिलेली ही जात. काही जण तिला हाब्रोब्रॅकॉन म्हणतात. मादी डंख मारून अळीला लुळी करते आणि मग वर अंडी घालते. त्यातही तिला हात आवरत नाही. जेवढ्या अळ्यांवर अंडी घालायची असतात त्याहून कितीतरी जास्त अळ्या ती लुळ्या करून ठेवते. मावशींना दिसलेली नीज ती हीच.

ब्रॅकॉन नुसत्या तोंडावरून कळली. ट्रायकोग्रामाचं असं सोपं नाही. बंगळूरला सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज या कीटकशास्त्रज्ञांनी १९६८ ते १९७१ या काळात संकर करून पाहिले आणि नराचं जननेंद्रिय स्लाइडवर तपासलं, तेव्हा कुठे या जाती नीट वेगळ्या करता येऊ लागल्या. पूर्वी आपल्याकडच्या चिलोनिसला ऑस्ट्रेलिकम या दुसऱ्याच जातीच्या नावाने ओळखत. नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं, कारण कोणती जात कोणत्या किडीवर चालेल ते त्या नावावरच ठरतं.

साठपैकी चाळीस ट्रे गेले. दोष माझाच. ज्वारी भरण्यापूर्वी ओव्हनमध्ये १०० अंशांवर तापवायची असते. वीज नव्हती म्हणून एक खेप तशीच भरली, वर गोदामातलं पोतं थेट वाढवणीच्या खोलीत ठेवलं. पोत्याच्या शिवणीत तसलेच कोष सापडले.

दुपारी एक काका कार्डं न्यायला आले. पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर, हेक्टरी ५०,००० अंड्यांच्या हिशेबाने पाच कार्डं, तीही दर आठवड्याला. मी खरं ते सांगितलं. त्यांनी काचेवरच्या माश्या निरखल्या.

"ही चांगली दिसती की नजरंला. हीच सोडा की आमच्या उसात."

विचारलं ते रास्तच होतं. नायजरमध्ये हीच ब्रॅकॉन कणसातल्या अळीसाठी बाजरीच्या रानात सोडतात. तागाच्या पिशवीत थोडं धान्य, कॉर्सेराच्या अळ्या आणि माद्या घालून पिशवी टांगतात. पण ती अळी कणसात, माशीच्या आवाक्यात असते. उसाची अळी एकदा खोडात शिरली की ब्रॅकॉन काय करणार? अंडं मात्र पानावर उघडं असतं, आणि तेवढ्या काळातच ट्रायकोग्रामाला गाठावं लागतं. म्हणून तर कार्ड आठवडाभर उशिरा मिळालं की काकांचं नुकसान होतं.

चार ठिकाणी फोन केले तेव्हा दुसऱ्या एका लॅबमधून तीन कार्डं मिळाली. संध्याकाळीच लावा, तुकडे करून पानाच्या खालच्या बाजूला टाचा, मुंग्यांकडे लक्ष ठेवा, असं बजावून काकांना पाठवलं. उरलेल्या दोन कार्डांबद्दल ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

गेलेले ट्रे दिवस मावळेपर्यंत उकळत्या पाण्यात रिकामे केले. काचेवरच्या माश्या मावशींनी एकेक करून नळीत धरल्या, कापसाचा बोळा लावला आणि नळी माझ्यासमोर ठेवली.

"ह्यास्नी बी अळ्या घालायच्या का आता?"

मी दोन घातल्या.