आमच्या गॅरेजची वाटचाल आणि अण्णांचं मॅसी

श्रीरामपूर-नेवासा रोडला आमचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, 1986 साली वडिलांनी लिंबाखाली पत्रे टाकून चालू केलं. तेव्हा पाटाच्या पाण्यावर चहूकडे ऊस आणि ट्रॅक्टर म्हणजे मॅसी, नाहीतर बी-275, नाहीतर एचएमटी. वडिलांकडे हत्यार काय, तर इंची पान्यांचा एक सेट, हातानं दाबायचा नोझल टेस्टर (नोझल म्हणजे सिलेंडरमधे डिझेलचा फवारा मारणारा), फट मोजायचा फिलर गेज आणि दोन फुटी लोखंडी गज, त्याचं एक टोक इंजिनला टेकवायचं आणि दुसरं कानाला, टॅपेट वाजतोय का बेरिंग ते लगेच कळायचं. सगळं अजून माझ्याकडे आहे. टेस्टरचं दाब दाखवणारं घड्याळ तीनदा बदललं, दांडा तोच, वडिलांच्या हातानं गुळगुळीत झालेला.

इंची पाने मुद्दाम सांगतोय. जुन्या मॅसी पस्तीसच्या पर्किन्स इंजिनला सगळे नटबोल्ट इंची, अर्धा इंची नटाला तेरा एमएमचा पाना बसतो पण जरा सैल बसतो आणि दोनचार वेळा तसंच केलं की नटाचे कान गोल. कुणी ट्रॅक्टर उघडून आणलं की मी आधी नट बघतो, आधी कुठं दाखवलं होतं ते विचारावं लागत नाही.

आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक अण्णा. त्यांचं मॅसी 1960 च्या दशकातलं, तीन सिलेंडर, नोझलला दाबानं डिझेल देणारा पंप सीएव्ही कंपनीचा. आमच्या शेडमधलं पहिलं इंजिन काम त्यांचंच, आणि वडील गेले तेव्हा दहाव्याला त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून अण्णा माणसं घेऊन आले होते. तर हे ट्रॅक्टर आमच्यासाठी काय होतं ते लक्षात घ्या.

2013. दुष्काळाचं वर्ष, पाटाला पाणी नाही, लोकांकडे पैसा नाही, माझी उधारी सगळी गावात अडकलेली, त्यात पतसंस्थेचा हप्ता. त्याच्या दोन वर्ष आधी आमच्या समोरच एकानं काचेची केबिन करून पंप-नोझलचं दुकान टाकलेलं. नाव घेत नाही. त्या वर्षी जूनमधे पहिले दोन पाऊस झाल्यावर अण्णांचा ट्रॅक्टर आला, मिसिंग मारत होता, म्हणजे ठोका चुकत होता, पांढरा धूर. मी नेहमीसारखं केलं, स्लोला ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला, म्हणजे त्या सिलेंडरचं डिझेल बंद. एकला इंजिन पडलं, तीनला पडलं, दोनला काहीच फरक नाही, म्हणजे दोन नंबर मेलेला. नोझल टेस्टरवर लावला तर फवारा नाही, थेंब थेंब गळतंय. नोझल बदलला, तांब्याचा वायसर नवा टाकला, तरी जीव नाही, कॉम्प्रेशन कमी. मग हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळालेली. व्हॉल्व्ह घासले, हेड पॅकिंग नवं, टॅपेटची फट थंड इंजिनला बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश. चालू केलं तर तिन्ही ठोके सारखे. अण्णांनी हजार रुपये दिले, बाकी दिवाळीला म्हणाले, मी हो म्हणलं.

आठ दिवसांनी फोन. नांगराला चाळीसेक मिनिटं नीट चालतंय, मग धडधडतं, दम तोडतं, बंद पडतं. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. आणलं इथं. मी आमच्या बाटलीवर, म्हणजे वर टांगलेल्या डिझेलच्या बाटलीवर तासभर पळवलं, काही नाही. परत नेलं, परत तेच. दुसऱ्यांदा आणलं, दुसऱ्यांदाही काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा अण्णांचा मुलगा वैतागला आणि त्यानं ट्रॅक्टर समोरच्या दुकानात लावला.

तिथं त्यांनी काय केलं तर सरळ पंप बदलला. जुना पंप एक्स्चेंजमधे ठेवून घेतला, साडेअठरा हजार घेतले. एक गोष्ट सांगतो, ऐका किंवा नका ऐकू. डीपीए पंपात, म्हणजे अण्णांच्या ट्रॅक्टरला होता तसल्या पंपात, दाब तयार करणारी जोडी एकच असते, तीच तिन्ही सिलेंडरला वाटते, त्यामुळं एकच सिलेंडर मेलं असेल तर आधी नोझल, पाइप, व्हॉल्व्ह बघा, पंपाला हात लावू नका. इनलाइन पंपाचं वेगळं, तिथं प्रत्येक सिलेंडरला दाब देणारं स्वतंत्र एलिमेंट. आणि सगळीच एकदम दमत असतील तर पंपाच्या अलीकडं बघा, डिझेल तिथवर पोचतंय का. हे वडिलांनी मला पंधराव्या वर्षी सांगितलं होतं.

नवा पंप बसूनही ट्रॅक्टर तसाच. मग समोरच्यानं सांगायला सुरुवात केली की हेडच चुकीचं बसवलंय, आमचा इलाज नाही. शुक्रवारच्या बाजारात ही गोष्ट फिरली. चार महिने माझ्या शेडात ट्रॅक्टर आला नाही. ड्रिल मशीन विकलं, एका पोराला घरी बसवावं लागलं. माणूस सत्तावीस वर्षं नाव कमावतो, आणि ते असं जातं.

ऑक्टोबरमधे एका रात्री अण्णा स्वतः मोटरसायकलवर आले, म्हणाले, पोराचं सोड, तू वावरात ये. गेलो. रात्रीची नांगरट चालू, मी मडगार्डवर बसलो, पाना हातात. पस्तीस मिनिटांनी आवाज बदलला. मी थांबवून फिल्टरचा हवा काढायचा एअर स्क्रू ढिला केला, बुडबुडे येतील असं वाटलं होतं, पण बुडबुडे नाहीत आणि डिझेलही नाही, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातदांडा मारला तरी नुसतं ओलं. म्हणजे टाकीतूनच उतरत नाही. टाकीचं टोपण फिरवलं तर फुस्स करून हवा आत गेली, आणि स्क्रूमधून डिझेलची धार लागली. टोपणाखाली युरियाच्या गोणीतलं प्लॅस्टिक दोन घड्या करून दाबलेलं. ड्रायव्हरनं पहिल्या पावसात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून घातलेलं. टोपणाचं श्वासाचं भोक बंद, डिझेल उतरलं की टाकीत पोकळी, आणि माझ्याकडे आला की मी बाटलीवर चालवणार, टाकी मधे येणारच नाही. अण्णा काही बोलले नाहीत, ते प्लॅस्टिक खिशात घातलं.

शुक्रवारी बाजारात ते त्यांनी स्वतः दाखवलं, चहाच्या टपरीवर. त्यानंतर गिऱ्हाईक हळूहळू परत आलं, हप्ता फिटला, दुसरं शेड टाकलं. तेव्हापासून तक्रार वावरातली असेल तर मी गाडी आहे त्या टाकीवर, आहे त्या टोपणासकट वावरातच बघतो, बाटली नंतर.

समोरच्यानं चूक झाली असं आजवर म्हणलेलं नाही. साडेअठरा हजारही परत नाहीत. पण मला डाचतंय ते वेगळंच. अण्णांचा मूळचा पंप, पितळी पट्टीवर सीएव्ही, मेड इन इंग्लंड असं कोरलेला, वडिलांनी एकदाही न उघडलेला, तो तिथंच राहिला. मी दोनदा मागायला गेलो, विकला म्हणाले. पट्टीच्या डाव्या कोपऱ्याला वडिलांच्या छिन्नीची बारीक खूण आहे. कुणाच्या ट्रॅक्टरला तो बसलेला दिसला तर सांगा, त्याला चांगला चालणारा पंप बसवून देतो आणि वर रोख देतो.