ग्रीन कॉरिडॉर: पायलटच्या बुलेटवरून

हृदय काढल्यापासून दुसऱ्या छातीत सुरू होईपर्यंत जेमतेम 4 तास मिळतात. त्या दिवशी पुण्यात असंच एक हृदय घेऊन अँब्युलन्सला बंडगार्डन भागातून लोहगाव विमानतळ गाठायचा होता, म्हणून ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे पोलिसांनी चौकाचौकात मोकळी करून दिलेली वाट. अंतर सात-आठ किलोमीटर, पण वेळ संध्याकाळी 6 ची, म्हणजे सगळ्यात वाईट.

लोकांना वाटतं पायलट, म्हणजे अँब्युलन्सपुढे मोटरसायकलवर वाट दाखवणारा माझ्यासारखा पोलीस, सुसाट सुटतो. उलट, वेग एकसारखा ठेवायचा असतो. पायलट अँब्युलन्सच्या शे-दीडशे मीटर पुढे असतो. अंतर वाढलं की मधे रिक्षा घुसतात. कमी झालं की आपण ब्रेक मारताच तिलाही मारावा लागतो.

खरं काम चौकातल्या अंमलदाराचं. मागच्या चौकातून गाडी पास झाल्याचा कॉल आला की सिग्नल मॅन्युअलवर घ्यायचा, आडवी वाहतूक रोखायची आणि आपल्या दिशेची सोडत राहायची, म्हणजे पुढचा रस्ता रिकामा होतो. घाईने पाच मिनिटं आधीच बंद केलं तर रांग मागे वाढून आपलीच वाट अडते. पर्णकुटी आणि गुंजन चौक जवळजवळ, त्यामुळे गाडी बंडगार्डन पुलावर चढली की दोन्ही एकाच कॉलवर बंद करतात.

नेमकी गुंजनच्या तोंडाशी एक बस बंद पडली. हवेचा दाब उतरून ब्रेक जाम झालेले. अशी बस ढकलून हलत नाही, आणि क्रेन कधी येणार! पायलटच्याही पुढे एक मोटरसायकल ठेवतात ती अशाच वेळेसाठी. तिच्यावरच्या हवालदाराने कंट्रोलला कळवलं, गाडी आडवी घालून समोरची वाहतूक थोपवली आणि दुभाजकाच्या फटीतलं बॅरिकेड ओढून काढलं. सायरनमध्ये वॉकी ऐकू येत नाही, म्हणून मी पुलावर तो क्षणभर बंद केला. "उजवीकडून घ्या," एवढंच कानावर पडलं. उजवा हात लांब करून अँब्युलन्सच्या चालकाला दाखवला आणि शंभरेक मीटर उलट्या बाजूने काढले.

डोकेदुखी वेगळीच: अँब्युलन्सच्या शेपटीला लागून फुकटात चौक काढणारे दुचाकीवाले. वाट अडवणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 ई खाली 10,000 रुपये दंड आहे, पण यांचं काय? धावत्या कॉरिडॉरमध्ये पावती कोण फाडणार! शेवटच्या अंमलदाराने नंबर टिपायचा, बाकी नंतर.

509 चौकापुढे अडचण आली नाही. हृदयाची पेटी विमानतळाच्या फाटकातून आत गेली आणि आम्ही तसेच मागे वळलो. बस तिथेच होती, समोरच्या बाजूची रांगही सोडवायची होती.