डी-३ची पुडी कधी थांबवायची?

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी साधारण आठ आठवडे घ्यायची असते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही असतं. पण आठ आठवडे उलटतात, चिठ्ठी फाइलमध्ये जाते आणि मेडिकलमधून त्याच पुड्या महिनोन् महिने येत राहतात. ही पुडी कोर्सची आहे, कायमची नाही. म्हणून पहिली पुडी फोडाल त्याच दिवशी कॅलेंडरवर शेवटच्या पुडीची तारीख लिहून ठेवा.

व्हिटॅमिन सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डीचं तसं नाही. ते चरबीत साठतं. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साधारण साडेआठ हजार युनिट झाले. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मोठ्या माणसाने रोज ४,००० च्या वर जाऊ नये, असं मानतात. सगळ्यात घातक चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज घेणं. घरातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत हे फार सहज होतं, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्याच असतात. त्यांची पुडी वेगळ्या डबीत ठेवा आणि तिच्यावर ठळक अक्षरांत वार लिहा.

कोर्स सुरू केल्यापासून तीनेक महिन्यांनी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची, म्हणजे रक्तातल्या डीच्या पातळीची, तपासणी करा. त्याआधी केलीत तर पातळी स्थिरावलेली नसते, आकडा फसवतो. मिलिलिटरमागे ३० नॅनोग्रॅमच्या वर आलं की मोठ्या डोसचं काम संपलं. पुढे लागलंच तर रोज १,००० ते २,००० युनिट किंवा महिन्याला एक पुडी, तेही डॉक्टरांना विचारून. १०० च्या वर गेलं तर पुडी लगेच बंद. कॅल्शियमच्या गोळीतही डी असतं आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही, त्यामुळे स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचून बेरीज करा.

सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, वयस्करांमध्ये गोंधळल्यासारखं वागणं ही रक्तात कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी डी आणि कॅल्शियम दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासून घ्या. पुडी बंद केली तरी साठा उतरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. तोवर मूत्रपिंडावर ताण येत राहतो, म्हणून ‘बघू दोन दिवस’ करू नका.

केसांसाठीच्या बायोटिनची गोष्ट वेगळी. शरीराची गरज रोज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि गोळीत अनेकदा १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. एवढं बायोटिन काही यंत्रांवरच्या थायरॉइड तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी दाखवतं. हृदयविकारात पाहतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. तातडीने दवाखान्यात जावं लागलं तर बायोटिन चालू आहे हे आधी सांगा.

लोहाच्या बाबतीत मात्र लोक घाई करतात. हिमोग्लोबिन वाढलं की गोळी बंद. खरं तर त्यानंतरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, तेव्हा कुठे शरीरातला साठा भरतो. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, पाहून थांबायचं.

शाकाहारी आहात किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे, तर बी-१२ मनाने सोडू नका. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे सोडल्याचा परिणाम फार उशिरा जाणवतो. फक्त बी-१२ असलेल्या ‘नसांच्या’ गोळीवर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती आहे ते बघा. मोठ्या डोसमध्ये ते दीर्घकाळ घेतलं तर हातापायांना मुंग्या येतात. ज्या मुंग्यांसाठी गोळी सुरू केली, त्या वाढत असतील तर डोस वाढवू नका, स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा.