तुम्ही विचारलंत म्हणून : इलेक्ट्रिक गिटार कुणी शोधली?

मी गिटार शिकवतो. क्लासला नवीन आलेला मुलगा हमखास विचारतो, ‘सर, इलेक्ट्रिक गिटार लेस पॉलनंच शोधली ना?’ लेस पॉल हा अमेरिकन गिटारवादक; एका प्रसिद्ध गिटारवरच त्याचं नाव असतं, त्यामुळे तसं वाटणारच. पण गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीनं ते मॉडेल काढलं १९५२ साली. त्याच्या वीस वर्षं आधी लॉस एंजेलिसमध्ये इलेक्ट्रिक गिटार विकायला आली होती, आणि ती जॉर्ज बीचमच्या डोक्यातून निघालेली होती.

बीचमचा जन्म टेक्सासमधला, १८९९चा. तो मुळात वादक होता, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी बार सरकवत तो हवायन ढंगानं वाजवायचा. बँड जोरात सुरू झाला की त्याची गिटार कुणाला ऐकूच येत नसे. आधी त्यानं जॉन डोपेरा या वाद्य बनवणाऱ्या कारागिराकडून धातूच्या पातळ तबकड्या बसवलेली गिटार करून घेतली, त्यातून नॅशनल ही गिटार बनवणारी कंपनी उभी राहिली, पुढे भांडणं झाली आणि बीचम बाहेर पडला.

खरी कमाल त्यानंतरची. लोक तोवर गिटारच्या लाकडाची थरथर पकडू पाहत होते. बीचमनं थेट तारेलाच हात घातला. नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक, त्यांच्यामधून जाणाऱ्या तारा आणि खाली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते; ती अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात, जाऊन ऐकू येते. नायलॉनची तार लावून बघा, अँप कितीही वाढवा, तार मुकीच राहते. आवाजासाठी पोकळ पेटीची गरजच संपली! १९३१चा पहिला नमुना भरीव लाकडाचा होता, गोल बुडाचा आणि लांब दांड्याचा, म्हणून त्याचं नाव पडलं ‘फ्राइंग पॅन’. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या साथीनं १९३२मध्ये तीच गिटार अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतून बाजारात आली.

पेटंटनं मात्र त्याला रखडवलं. हे वाद्य खरंच वाजतं का, अशी शंका पेटंट कार्यालयालाच होती. शेवटी वादकांना वॉशिंग्टनला पाठवून ते वाजवून दाखवावं लागलं. १९३४चा अर्ज १९३७मध्ये मंजूर झाला, पण तोवर गिब्सनचीही इलेक्ट्रिक गिटार आली होती. बीचम १९४१मध्ये समुद्रात मासेमारी करताना हृदयविकारानं गेला.

मुंबईत गिटारवादक व्हॅन शिपलींनी हवायन गिटारवर फिल्मी गाण्यांच्या ज्या रेकॉर्ड काढल्या, त्या जरूर ऐका. बार सरकवत वाजवायची बीचमची तऱ्हा कशी होती, ते त्यात नीट कळतं.