तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच कार्पेटचे दोन भाव

"दोन्ही फ्लॅट साडेसहाशे चौरस फूट कार्पेट, एकाच गल्लीत, एकाच वयाचे. मग एक मालक चार लाख जास्त कसले मागतोय?" बँकांसाठी घरांचं व्हॅल्युएशन करतो हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी हे विचारतंच.

आधी दोन्ही आकडे खरंच कार्पेटचे, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचे, आहेत का बघा. २०१७ पासून रेरा या घरबांधणीच्या कायद्यामुळे नव्या प्रकल्पांत कार्पेटच सांगावा लागतो, पण जुन्या इमारतीतले मालक अजून सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटाही धरलेला आकडा, ठोकून देतात.

कार्पेट सारखा निघाला तरी घर सारखं नसतं. रेराच्या कार्पेटमध्ये खोल्यांमधल्या भिंतीही येतात आणि पॅसेजही. मध्यंतरी कोथरूडला असाच एक फ्लॅट मोजला. दार उघडलं की समोर बोळ, साडेतीन फूट रुंद, चौदा फूट लांब. चपलांचं रॅक ठेवलं तर माणसाने तिरकं होऊन जायचं. म्हणजे ४९ चौरस फूट गेले. दहा हजारांचा भाव धरला तर चार लाख नव्वद हजार. शेजारच्या इमारतीत हॉलमधूनच सगळ्या खोल्यांत जाता येत होतं, वर स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी, धुण्याभांड्यांसाठी. तो मालक चार लाख जास्त मागत होता. मला तो महाग वाटला नाही.

रेडी रेकनरला, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याला, हा बोळ दिसत नाही, त्याच्या लेखी दोघांचा दर सारखाच. गिऱ्हाइकाला मात्र दिसतो. दक्षिणेकडचं दारही दिसतं. माझा वास्तूवर काडीचा विश्वास नाही, पण विकायला काढाल तेव्हा निम्मे लोक दारातूनच परत जातात, आणि तेवढा भाव उतरतो.

आता माझंच सांगतो. स्वतःचा फ्लॅट घेताना बेडरूम दहा बाय अकरा बघून खूश झालो. दारं मोजलीच नाहीत. एक खोलीचं, एक बाथरूमचं, तिसरं बाल्कनीचं. पलंगाला एकच जागा उरली. पलंग सव्वासहा फूट, समोर कपाट दोन फूट, मध्ये पावणेदोन फुटांची फट. पलंगावर मांडी घालून बसल्याशिवाय कपाटाचं दार उघडत नाही. बायको अजून पाहुण्यांना सांगते, "हे व्हॅल्युअर बरं का!"

तेव्हा बघायला जाताना टेप न्याच, पण रद्दीतले पेपरही न्या. पलंगाच्या मापाचे जमिनीवर अंथरा आणि भोवतीने चालून बघा. एजंट हसेल. हसू दे.